थर्मोस्टॅटिक की इलेक्ट्रॉनिक: शीतगृहासाठी कोणता एक्सपान्शन व्हॉल्व्ह?

नाशिक परिसरातील द्राक्षांच्या शीतगृहात खोली शून्य अंशाच्या आसपास ठेवायची असते, आणि कूलिंग कॉइलमध्ये किती रेफ्रिजरंट (उष्णता शोषून थंडावा देणारे द्रव्य) सोडायचे हे एक्सपान्शन व्हॉल्व्ह ठरवतो. थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हला वीज लागत नाही. सक्शन पाइपवर (कॉइलमधून कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या पाइपवर) पट्टीने आवळलेला त्याचा बल्ब, म्हणजे तापमान जाणणारी बंद नळी, तापला की आतला दाब वाढून व्हॉल्व्ह उघडतो. मात्र हा बल्ब सैल झाला किंवा त्यावरचे इन्सुलेशन निघाले, तर व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त उघडून द्रव रेफ्रिजरंट थेट कॉम्प्रेसरपर्यंत पोचू शकते, म्हणून मेकॅनिकने तो हाताने हलवून पाहिलाच पाहिजे. इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्हमध्ये दाब व तापमानाच्या सेन्सरवरून कंट्रोलर सुपरहीट (उकळबिंदूपेक्षा वाफ किती अंश जास्त गरम आहे ते) काढतो आणि स्टेपर मोटर, म्हणजे टप्प्याटप्प्याने फिरणारी मोटर, व्हॉल्व्हची सुई बारीक टप्प्यांत सरकवते. थंडीच्या रात्री कंडेन्सरचा (उष्णता बाहेर सोडणाऱ्या भागाचा) दाब उतरला तरी हा व्हॉल्व्ह अधिक उघडून प्रवाह राखतो, त्यामुळे दाब मुद्दाम चढा ठेवावा लागत नाही आणि कॉम्प्रेसरची वीज वाचते. त्याची खरी अडचण वीज गेल्यावर दिसते: बॅटरीची सोय नसेल तर स्टेपर व्हॉल्व्ह होता तिथेच उघडा राहतो आणि द्रव कॉइलमध्ये साचते. भार सतत बदलणाऱ्या मोठ्या शीतगृहासाठी मी इलेक्ट्रॉनिकच निवडेन, पण लिक्विड लाइनवर (व्हॉल्व्हकडे द्रव नेणाऱ्या पाइपवर) वीज जाताच बंद होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह बसवूनच; एका खोलीच्या शीतगृहाला थर्मोस्टॅटिक पुरेसा आहे.