सोसायटीतल्या पोरांसाठी रॉकेट: कागदाचं, पाण्याचं की इंजिनाचं?

परीक्षा संपल्या की सोसायटीतली दहा-बारा मुलं संध्याकाळी खाली मोकळीच असतात. तुम्हाला रॉकेटचा नाद आहे आणि तो त्यांनाही लावायचाय. मग आधी ठरवा, रॉकेट उडवायचं कशावर? पाय मारून ढकललेल्या हवेवर, पंपाच्या हवेने ढकललेल्या पाण्यावर, की विकतच्या इंजिनावर? वर जाताना तिन्ही छान दिसतात. फरक पडतो तो मुलांच्या हाताला किती काम मिळतं यात, आणि माझा कौल त्यावरच आहे.

इंजिनाचं आधी निकालात काढू. अमेरिकेत मॉडेल रॉकेट म्हणजे हेच: पुठ्ठ्याची नळी, बाल्साच्या हलक्या लाकडाचे पंख आणि शेपटीत बोटभर इंजिन, ज्यात बंदुकीची काळी दारू दाबून भरलेली असते. १९५८ साली सुरू झालेल्या एस्टेस कंपनीची किट तिथे सर्वांत ओळखीची. इंजिनावर ‘ए८-३’ असं काही छापलेलं असतं. अक्षरावरून एकूण जोर कळतो, ८ म्हणजे सरासरी आठ न्यूटन रेटा, आणि ३ म्हणजे जळण संपल्यावर तीन सेकंदांनी आतला छोटा बार पॅराशूट बाहेर ढकलतो. पेटवायचं बॅटरी आणि तारेने, लहान इंजिनाला निदान १५ फूट लांब उभं राहून. ‘सी’ इंजिनासाठी ४०० फुटी मैदान लागतं. न्यू जर्सीत किंवा टेक्सासात राहत असाल आणि मैदानाची परवानगी मिळत असेल, तर खुशाल घ्या.

महाराष्ट्रात मात्र हा नाद सोडा. स्फोटकांचे नियम आडवे येतात आणि इंजिन कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतही नाही. अमेरिकेतले भाऊजी बॅगेतून आणतो म्हणाले तरी नको म्हणा; ही इंजिनं विमानात ना हातातल्या बॅगेत चालतात, ना चेक-इनमध्ये. दिवाळीच्या फटाक्यांतली दारू काढून भरू, असं सुचवणारा एक जण प्रत्येक सोसायटीत असतो. त्याला त्या दिवशी दुसरं काम द्या. शिवाय बटण एकच, ते दाबणारं मूलही एकच. बाकीचे बघे.

उरले कागद आणि पाणी. खरी निवड इथे आहे.

कागदाच्या रॉकेटला अर्धा इंची पीव्हीसी पाइप, कोल्ड्रिंकची दोन लिटरची रिकामी बाटली, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, सेलोटेप आणि जुन्या वह्यांची पानं एवढंच लागतं. पान पाइपभोवती गुंडाळायचं, पण सैलसर, सहज सरकेल इतकं. टोक दुमडून टेपने हवाबंद करायचं. पंखांना लग्नपत्रिकेचा जाड कागद उत्तम, आणि तो कुठल्याही घरात निघतो. बाटलीचं तोंड ट्यूबच्या तुकड्याने पाइपाच्या दुसऱ्या टोकाला जोडायचं. मग रॉकेट पाइपवर चढवून बाटलीवर उडी मारायची. सात वर्षांचं मूलही अर्ध्या तासात स्वतःचं रॉकेट बनवतं. टोक फाटलं तर दोन मिनिटांत टेप लावून पुन्हा रांगेत. पंख खाली लावलेलं सरळ जातं, वर लावलेलं कोलांट्या खातं, हे मुलं आपली आपण शोधतात. तुम्ही फक्त पाइपवर कुणी वाकून बघत नाही ना, एवढं पाहायचं. बाटली उड्या खाऊन खाऊन चिरते, तेव्हा दोन-तीन जास्तीच्या ठेवा.

पाण्याचं रॉकेट याच्या कितीतरी वर जातं, गॅलरीतली आजी-आजोबा मंडळीसुद्धा टाळ्या वाजवतात. यात बाटलीच रॉकेट: थोडं पाणी घालून ती उलटी बसवायची, पंपाने हवा भरायची आणि सोडायची. पण त्यासाठी लाँचर लागतो, म्हणजे बाटली धरून ठेवणारं आणि हवं तेव्हा सोडणारं बैठं. अर्धा इंची पाइप बाटलीच्या तोंडात जवळपास चपखल बसतो. भोवती बांधलेल्या केबल टायची डोकी बाटलीच्या कडेखाली अडकतात, आणि त्यांच्यावरची मोठ्या पाइपची रिंग दोरीने खाली ओढली की सुटतात. ओळखीचा प्लंबर असेल तर एका दुपारचं काम. रबरी बुचात ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवूनही चालतं, पण मग रॉकेट मनाला येईल तेव्हा सुटतं. मुलं जवळ असताना मला ते पटत नाही.

बाटली कोल्ड्रिंकचीच हवी, मिनरल वॉटरची पातळ नको. पंख टेपने लावा. ग्लू गनच्या उष्णतेने प्लॅस्टिक कमजोर होतं आणि दाब आल्यावर तिथेच फुटतं. पंप मीटरवाला घ्या आणि ५० पीएसआयच्या पुढे जाऊ नका. ओरखडे पडलेली बाटली सरळ भंगारात.

याचीही मजा प्रयोगात आहे. एकदा बाटली कोरडी, एकदा एक तृतीयांश पाण्याने, एकदा गच्च भरून उडवून बघू द्या. गच्च भरलेली जेमतेम उठते, कारण हवा दाबून भरायला जागाच नसते. उंची मोजायला कोनमापकाला स्ट्रॉ आणि ओळंब्याला नट बांधा. रॉकेट ४५ अंशांवर दिसलं तर लाँचरपासूनच्या अंतरात डोळ्यांची उंची मिळवायची, झालं. बाकीच्या कोनांचं नववीतल्या ताईवर सोपवा, तिला त्रिकोणमिती असते.

अडचण रांगेची. पाणी भरा, बसवा, पंप मारा, मागे व्हा; एका वेळी एकच. बारा मुलं असली की सहाव्याच्या पाळीपर्यंत उरलेली क्रिकेटकडे वळतात. पार्किंगमधल्या गाड्या आणि विजेच्या तारा यांच्यामुळे जागाही मोठी लागते, शाळेचं मैदान मिळालं तर बरं. पाण्याची उधळपट्टी होते म्हणून कुणी हरकत घेतली, तर वीस उड्डाणांना जेमतेम बादलीभर लागतं हे सांगा.

म्हणून मुलं चौथीच्या आतली किंवा बरीच असतील तर कागद, आणि तेही आठवडाभर रोज. पाचवीच्या पुढची पाच-सहाच असतील तर कागदावर दोन दिवस हात बसवून मग रविवारी सकाळी पाणी. त्या दिवशी एक मोठं माणूस पंपाशी आणि दुसरं मुलांना दोरीमागे ठेवायला हवंच. दुसरं कुणी मिळत नसेल तर पाण्याचं पुढच्या रविवारी.