गृहा की आयजीबीसी, फ्लॅट घेताना काय बघाल?

ब्रोशरवर ग्रीन बिल्डिंगचं (म्हणजे पर्यावरणपूरक इमारतीचं) हिरवं पान दिसलं की आपण खूश होतो, पण ते पान, म्हणजे रेटिंग, कोणाचं हे बघाच. गृहा म्हणजे टेरी (ऊर्जा आणि पर्यावरणावर काम करणारी दिल्लीची संशोधन संस्था) आणि केंद्राच्या अक्षय ऊर्जा मंत्रालयाने मिळून आणलेलं रेटिंग, १ ते ५ स्टार, बांधकाम चालू असताना त्यांची माणसं साइटवर येऊन बघतात आणि हे मला फार मोलाचं वाटतं. पिंपरी-चिंचवड महापालिकेने तर गृहाला प्रॉपर्टी टॅक्समधल्या सवलतीशीच जोडलं. लहान बिल्डिंगसाठी गृहाचंच स्वगृहा हे वेगळं रेटिंग आहे.

आयजीबीसी म्हणजे इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल, २००१ पासून, सीआयआय या उद्योगांच्या संघटनेचं, ऑफिस हैदराबादला. सर्टिफाइड, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशा लेव्हल. खासगी बिल्डर बऱ्याचदा हेच घेतात, त्यात वाईट काही नाही, फक्त एक गोष्ट नीट बघा, यात डिझाइनवरच प्री-सर्टिफिकेशन मिळतं आणि जाहिरातीत तेच मोठ्या अक्षरात झळकतं, बिल्डिंग पूर्ण झाल्यावरचं फायनल सर्टिफिकेट वेगळं असतं, ते मागाच.

दिल्लीच्या इंदिरा पर्यावरण भवनाला गृहाचे ५ स्टार आहेत आणि लीड इंडिया (मूळ अमेरिकेच्या लीड रेटिंगचं भारतातलं रूप, जे पूर्वी आयजीबीसीच चालवायचं) प्लॅटिनमही, म्हणजे दोन रेटिंग एकत्र घेता येतात.

माझं मत विचाराल तर गृहा, साइट व्हिजिटमुळे.