बीबीओवर ब्रिज: काही महिन्यांच्या वापरानंतर

ब्रिज या पत्त्यांच्या खेळाच्या ब्रिज बेस ऑनलाइन (बीबीओ) या संकेतस्थळावर नवा आलेला खेळाडू ‘हाय’ आणि ‘थँक यू पार्टनर’ पहिल्याच दिवशी शिकतो, पण अलर्टच्या, म्हणजे बोलीला खास ठरवलेला अर्थ आहे हे विरोधकांना कळवण्याच्या, बटणाकडे महिनोन्‌महिने बघत नाही. माझ्या मते इथला सगळ्यात मोठा शिष्टाचार त्याच बटणात आहे. समोरासमोरच्या खेळात भिडूच्या बोलीवर आपण अलर्ट देतो. इथे स्वतःच्या बोलीवर स्वतःच द्यायचा: आधी अलर्ट दाबा, अर्थ लिहा, मग बोली करा. तो मजकूर फक्त विरोधकांना दिसतो, भिडूला नाही. भिडूच्या १ नो ट्रंपवर २ चौकट बोललात तर ‘जॅकोबी’ हे पद्धतीचे नुसते नाव लिहून भागत नाही. ‘बदाम ५ किंवा जास्त’ असे लिहा, आणि तेही इंग्रजीत, कारण समोर तुर्की किंवा पोलिश जोडी असू शकते. विसरलात तर केलेल्या बोलीवर क्लिक करून अर्थ नंतरही देता येतो.

विरोधकांच्या बोलीचा अर्थ हवा असेल तर त्या बोलीवरच क्लिक करा. टेबलच्या चॅटमध्ये विचारले की प्रश्न भिडूही वाचतो, आणि ‘याला इस्पिकात रस दिसतो’ एवढे त्याला फुकट कळते. उत्तर देतानाही चॅट कोणाकडे जातेय ते आधी बघा. सगळ्यात जास्त गडबड इथेच होते.

अंडूबद्दल, म्हणजे केलेली बोली किंवा टाकलेले पान परत मागण्याबद्दल, माझे मत पक्के आहे. बोट घसरून १ बदामऐवजी १ इस्पिक पडले तर लगेच मागावे, आणि विरोधकांनी ते मोकळ्या मनाने द्यावे. मात्र भिडू बोलून गेला की मागू नये. विचार बदलला म्हणून मागणे तर साफ चूक. पान खेळल्यावरची मागणी नाकारली गेली तर रुसायचे कारण नाही. त्या पानाने बरेच काही उघड केलेले असते.

उरलेले हात स्पष्ट असतील तर क्लेम करा, म्हणजे ते न खेळता किती मिळणार ते जाहीर करा, चौघांचा वेळ वाचतो. पण नुसता आकडा टाकू नका. बाहेर एक हुकूम शिल्लक असेल तर ‘हुकूम काढून मग किलवर’ असा क्रम लिहा. क्रम लिहिला नसेल तर जाणकार विरोधक क्लेम नाकारतो, आणि ते बरोबरच आहे.

डाव फसला म्हणून मध्येच टेबल सोडणे हा इथला सगळ्यात वाईट प्रकार. एका बोर्डाला (डावाला) साधारण ७–८ मिनिटे लागतात. निघायचे असेल तर ‘लास्ट बोर्ड’ असे आधी सांगा. भिडूची चूक डाव चालू असताना काढू नका. डमीने, म्हणजे ज्याची पाने टेबलवर उघडी असतात त्या खेळाडूने, तर अगदी गप्प राहावे.

भिडूशी फोन किंवा व्हॉट्सॲप चालू ठेवून खेळणे ही सरळ फसवणूक आहे. २०२० मध्ये टाळेबंदीत मोठ्या स्पर्धा ऑनलाइन गेल्या, तेव्हा दुसऱ्या खात्यातून आपल्याच टेबलाचे प्रेक्षक होऊन सगळी पाने पाहण्याचे प्रकारही उघड झाले.

राहिला वेग. हातात त्या रंगाचे एकच पान असताना विचार केल्यासारखे थांबणे नियम ७३ प्रमाणे निषिद्ध आहे, पण ऑनलाइनवर उशीर बऱ्याचदा इंटरनेटचा असतो. म्हणून आरोप करण्याआधी ‘कनेक्शन ठीक आहे ना?’ एवढे विचारावे. दारावर कोणी आले म्हणून थांबलात, तर तसे टेबलवर लिहा, म्हणजे तुमच्या थांबण्यातून कोणी चुकीचा अर्थ काढणार नाही.