सिंहगड रोडवरचं कॉर्न स्नेकवालं दुकान : चार स्टार

पाटी लहान, गाडी लावायला जागा नाही, दुपारी एक ते चार बंद. म्हणजे पुण्यातलंच दुकान. तरीही कॉर्न स्नेक, म्हणजे पाळायचा बिनविषारी अमेरिकन साप, घ्यायचा असेल तर इथेच जा, कारण सापाच्या डब्यावर नुसतं ‘स्नो’ असं रंगाचं नाव लिहून हे लोक मोकळे होत नाहीत. खाली जीन लिहितात, ‘अ‍ॅमेल + अ‍ॅनरी’. आईबाप मागच्या खोलीत असतात, मागितले की दाखवतात.

मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे या चिठ्ठीची किंमत मला कळते. अ‍ॅमेलमध्ये काळं रंगद्रव्य नसतं, अ‍ॅनरीत लाल. दोन्ही एकत्र आले की स्नो. पण अ‍ॅमेलसोबत चारकोल हा वेगळा जीन असला तर तो ब्लिझर्ड, आणि तोही पांढराच! अ‍ॅनरीच्या गळ्याशी मोठेपणी पिवळी झाक येते, चारकोलच्या सहसा येत नाही. पिल्लात ते कुठून दिसणार? आता दोन्ही पांढरे म्हणून स्नो आणि ब्लिझर्डची जोडी लावलीत, तर अ‍ॅमेल तेवढा दोघांत सारखा असल्याने पिल्लं साधारणपणे सगळी लाल-केशरी अ‍ॅमेल निघतील. मग बसा दुकानदाराला शिव्या घालत.

ओकीटी नावाचाही एक कॉर्न स्नेक मिळतो. काउंटरवरच्या मुलाला मुद्दाम विचारलं, “ओकीटीचा जीन कुठला रे?” तो म्हणाला, “मॅडम, तो जीन नाही. साउथ कॅरोलिनातल्या त्या भागातल्या सापांसारखे दिसणारे निवडून निवडून वाढवलेत.” माझ्या वर्गात असता तर पैकीच्या पैकी दिले असते. दुसऱ्या एका दुकानात मला ‘मायामी जीन’ विकायला निघाले होते, तोही असाच निवडून वाढवलेला प्रकार.

एक स्टार कापला तो ‘६६ टक्के हेट’साठी. हेट म्हणजे जीनची एकच प्रत असलेला, दिसायला साधा साप. दोन हेट सापांच्या साध्या दिसणाऱ्या पिल्लांपैकी प्रत्येकात तो जीन लपलेला असण्याची शक्यता तीनात दोन, एवढाच त्याचा अर्थ. बघून सांगता येत नाही. आणि त्याचे पैसे मात्र साध्या पिल्लाच्या जवळजवळ दुप्पट! मी तिथे अजिबात हात घातला नाही, सरळ अ‍ॅनरी मादी घेतली.

धामण मिळेल का, असं विचारू नका. भारतीय साप पाळायला १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, आणि मालक गिऱ्हाइकाला सगळ्यांदेखत झापतात. गोठवलेल्या पिंकी, म्हणजे सापाला खायला घालायची उंदराची नवजात पिल्लं, तिथेच मिळतात, पण उन्हाळ्यात बर्फाचा डबा घरून न्या. ते कॅरीबॅगसुद्धा देत नाहीत.