हाताने वळलेली १२ पदरी डॅक्रॉनची दोरी : ८ महिन्यांच्या वापरानंतर

आधी धनुष्य कसलं ते सांगतो, कारण त्याशिवाय दोरीबद्दल बोलण्यात अर्थ नाही. धामणीचं एकसंध लाकूड, टोकांवरच्या, दोरी अडकवायच्या, खाचेपासून खाचेपर्यंत लांबी १६८ सेंमी, ७१ सेंमी ओढल्यावर जोर १८ किलो, म्हणजे ४० पौंड. साताऱ्याच्या माळावर आठवड्याला साधारण ३०० बाण, माघापासून भाद्रपदापर्यंत. वैशाखाचं ऊन आणि श्रावणाची झड, दोन्ही या दोरीने सोसलं. दोरी अजून तीच आहे. मधली गुंडाळण, म्हणजे बाण बसतो तिथे दोरीभोवती गुंडाळलेला दोरा, मात्र दोनदा बदलावी लागली.

डॅक्रॉन म्हणजे साधा पॉलिस्टरचा दोरा. तोच का घ्यायचा? लोक पहिल्यांदा ताकदीचं विचारतात, आणि तिथेच चुकतात. बाण सुटला की धनुष्याच्या दोन्ही बाजू पुढे झेपावतात आणि दोरी त्यांना एका झटक्यात अडवते. दोरी किंचित ताणली गेली तर तो हिसका मुरतो. अजिबात ताणली गेली नाही तर तो सगळा खाचांवर जातो. साताऱ्याची आदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेती झाली ती कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या, धनुष्यावर. तसल्या धनुष्यांच्या डायनिमा नावाच्या न ताणणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या दोऱ्या मैदानावर उरल्यासुरल्या मिळतात आणि मोह होतो. टोकांना शिंग किंवा कठीण लाकडाची जोड नसेल तर ती दोरी चढवू नका. बारीक पदर खाचेत सुरीसारखा रुततो आणि टोक उभं चिरतं. याच्या उलट टोक म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातली नायलॉनची दोरी. ती इतकी ताणते की ओढ रबरासारखी लागते आणि बाण मध्येच पडतो.

डॅक्रॉनच्या एका पदराची ताकद सुमारे २२ किलो. ओढीच्या किमान चौपट ताकद हवी असं धरलं तर १८ किलोला ४ पदरही पुरतील, पण ४ पदरांची दोरी बोटांना कापते आणि बाणाच्या खाचेत सैल बसते. म्हणून २५ ते ३५ पौंडाला १०, ३५ ते ४५ला १२ आणि ५५ पर्यंत १४ पदर. त्याहून जास्त पदर म्हणजे नुसतं वजन. बाण मंद होतो.

कापायचे १२ पदर, प्रत्येकी २०५ सेंमी, म्हणजे एकूण साधारण २५ मीटर दोरा. दोन रंग घेतले तर हात चुकत नाही. ६-६ पदरांचे दोन पेड करायचे आणि प्रत्येक पेडात पदर एकमेकांपासून दीड-दीड सेंमी पुढेमागे सरकवून धरायचे. सगळी टोकं एकाच जागी संपली तर तिथे एकदम बारीक गळा तयार होतो आणि दोरी पुढे तिथेच दगा देते. दोन्ही टोकांना ३० सेंमीपर्यंत मेण चांगलं चोळून घ्या.

वळणं कासरा वळण्यासारखंच. टोकापासून २० सेंमीवर चिमटीत धरायचं. पलीकडचा पेड स्वतःभोवती बाहेरच्या अंगाला पिळायचा, मग तो दुसऱ्यावरून आपल्याकडे आणायचा. आता दुसरा पेड पलीकडे गेला, त्यालाही तसंच. टोकाच्या दिशेने ७-८ सेंमी वळून झालं की दुमडून फास करायचा, उरलेल्या शेपट्या आपापल्या रंगाच्या पेडात मिसळायच्या आणि त्या संपेपर्यंत, म्हणजे आणखी १२ सेंमी, तसंच वळत जायचं. खालच्या फासाला ५-६ सेंमी पुरे. वरचा मोठा ठेवायचा, कारण दोरी उतरवली की तो धनुष्याच्या अंगावरून खाली सरकला पाहिजे.

गोंधळ होतो तो दुसऱ्या फासाच्या आधी. पहिला वळताना मधल्या लांब भागात पेड एकमेकांत गुंततात. ते पूर्ण सोडवून, बोटांनी विंचरून, दोन्हींना सारखा ताण देऊनच दुसऱ्या फासाची खूण करायची. दोन फासांच्या आतल्या कडांमधलं अंतर १६१ सेंमी ठेवा. इथे घाई झाली तर चढवल्यावर एक पेड तारेसारखा ताठ दिसतो आणि दुसरा त्याच्यावर वेलासारखा चढलेला. सगळा भार ताठ पेडावर, म्हणजे १२ पदरांचे पैसे देऊन ६ पदरांची दोरी वापरायची! आणखी पीळ देऊन हे सुधारत नाही. ते टोक उकलून परत वळावं लागतं.

मग पूर्ण दोरीला पीळ, साधारण २८ फेरे, तेही फासाजवळचं वळण घट्ट होईल त्याच दिशेने. उलट दिला तर फास हळूहळू उकलतो आणि भर ओढीत सुटतो. ती चूक धनुष्यासकट महागात पडते. फेरे कमी झाले तर दोरी बोटांखाली फिसकटते, फार झाले तर स्प्रिंगसारखी लवते.

दोरी चढवल्यावर मुठीपासून तिचं अंतर १६ सेंमी होतं. पहिल्या पंधरवड्यात ते १४ वर आलं आणि दोरी मनगटाला लागू लागली. दोरा खराब नाही, नव्या डॅक्रॉनचा स्वभावच तो. ६-७ फेरे वाढवले, त्यानंतर अंतर हललं नाही. धनुष्य रात्रभर चढवून ठेवून दोरी मुरवायचा सल्ला देणारे भेटतात. ऐकू नका. दोरी मुरेल, पण लाकूड वाकडं होऊन बसेल.

मधल्या गुंडाळणीला अर्ध्या मिलिमीटरचा नायलॉन दोरा, १६ सेंमी लांब, दोरीच्या पिळाच्याच दिशेने. बाण अडकवल्यावर लोंबकळला पाहिजे आणि दोरीला टिचकी मारल्यावर पडला पाहिजे. घट्ट खाच बाणाचं टोक फोडते. दोन्ही वेळा गुंडाळण झिजली ती बाण बसतो तिथेच.

मेणाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण फसवणूक इथे होते. किराणा दुकानातलं 'मेण' बहुधा मेणबत्तीचं पॅराफिन असतं. ते कडक होऊन पापुद्र्याने गळतं. मधमाशीचं मेण तळहातात दाबलं की मऊ होऊन वळतं, पॅराफिनचा भुगा होतो. आपल्या जिल्ह्यात तर ते शोधायला लांब जायला नको: महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. ४ भाग मेणात १ भाग राळ, गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवून. राळेने पदर एकमेकांना धरून राहतात, जास्त झाली तर बोटांना चिकटते. उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा मेण पुरलं, पावसात दर आठवड्याला लागलं. डॅक्रॉन पाणी पीत नाही, पण पदरांच्या फटीत ते साचतं, दोरी जड होते आणि बाण खाली लागतो.

तुलनेसाठी अंबाडीच्या वाखाची दोरीही वापरली. हातात ती फार गोड लागते, सुटताना आवाजही कमी. पण सूत एकसारखं निघत नाही. म्हणून ताकद पाहायला सुताचा एक तुकडा फांदीला बांधून खाली बादली टांगायची आणि लिटरच्या मापाने पाणी ओतत जायचं. १ लिटर म्हणजे १ किलो, त्यात बादलीचं वजन धरायचं. सूत ६ किलोला तुटत असेल तर १८ सुतांचे कागदावर १०८ किलो होतात, पण ताण सारखा बसत नाही म्हणून प्रत्यक्षात बरेच कमी. आषाढात ती फुगली, बाणाच्या खाचेत बसेना, आणि उतरवून ठेवावी लागली. कोरड्या दिवसांत हौसेला ठीक.

आता डॅक्रॉनच्या खालच्या फासाला, खाचेच्या डाव्या कडेवर, बारीक लव दिसू लागली आहे. दोष दोरीचा नाही, कडेचा: कानशीने केलेली खाच गोल केलेली नव्हती. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने ती गुळगुळीत केल्यावर लव वाढलेली नाही. तरी रोज चढवताना तिथे नखाने पाहतो. एक जरी पदर तुटला तरी गाठ मारून चालवायची नाही, दोरीच बदलायची. म्हणून दुसरी वळून, पंधरवडाभर वापरून, मुरवून ठेवली आहे. नवीकोरी दोरी ऐनवेळी चढवली की पुन्हा ते १६ चे १४ सुरू होतं.