कागदाची प्रत मागायची आहे: साधा अर्ज, नक्कल अर्ज की माहिती अधिकार?

एखाद्या कार्यालयातून जुन्या कागदाची प्रत हवी असली की पहिला सल्ला हमखास मिळतो: ‘माहिती अधिकारात टाक.’ तो कायदा मला फार मोलाचा वाटतो. पण प्रत्येक कागदासाठी तोच काढला तर वेळ जातो, आणि कधी कधी मिळालेली प्रत कामालाही येत नाही. महाराष्ट्रात प्रत मागण्याचे तीन मार्ग आहेत: साधा विनंती अर्ज, त्या त्या कार्यालयाचा ठरलेला नक्कल अर्ज आणि माहिती अधिकाराचा अर्ज. तिन्हींची भाषा वेगळी आहे. कोणता निवडायचा हे दोन गोष्टींवरून ठरवावे: कागद कोणाकडे आहे, आणि प्रत तुम्ही कुठे सादर करणार आहात.

कागद तुमचाच असेल तर साधा अर्ज

शाळा सोडल्याचा दाखला, नोकरीच्या नोंदी, दवाखान्यातले कागद, सोसायटीतले तुमचे खाते. इथे समोरचा बहुतेक वेळा द्यायला तयारच असतो, त्याला फक्त शोधायला सोपे गेले पाहिजे. तरीही असे अर्ज लिहिले जातात:

‘माझी सर्व कागदपत्रे त्वरित द्यावीत, अन्यथा पुढील कारवाई करण्यात येईल.’

त्याऐवजी असे लिहून पाहा:

‘मी आपल्या शाळेतून २००८ साली दहावी उत्तीर्ण झाले. शाळा सोडल्याचा मूळ दाखला गहाळ झाल्याने पासपोर्टच्या कामासाठी त्याची दुसरी प्रत हवी आहे. जनरल रजिस्टरमधील माझा क्रमांक अमुक आहे. प्रतिज्ञापत्र सोबत जोडले आहे. नियमाप्रमाणे शुल्क भरण्यास तयार आहे. कृपया दुय्यम प्रत मिळावी, ही विनंती.’

पहिल्यात ‘सर्व’ हा शब्द सगळा घोळ करतो. नेमके काय काढायचे हे कारकुनाला कळत नाही, आणि धमकी वाचून तो कागद ‘साहेबांच्या विचारार्थ’ वर जातो. दुसऱ्यात कारण सांगितले आहे, त्यामुळे कोणत्या प्रकारची प्रत चालेल हेही त्याच्या लक्षात येते. आपल्याकडे ‘आपला कृपाभिलाषी’, ‘जन्मभर ऋणी राहीन’ याला दोन ओळी जातात आणि रजिस्टर क्रमांक लिहायचा राहतो. माझ्या मते क्रमांक, वर्ष आणि पूर्ण नाव देणे हीच खरी अदब आहे. ‘महोदय’ आणि ‘कृपया’ एकदा आले की पुरे.

दवाखान्याच्या बाबतीत एक नियम ठाऊक असावा. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाच्या २००२ च्या नियमावलीनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या नातेवाइकाने नोंदी मागितल्यास त्या ७२ तासांत द्यायच्या असतात. अर्जात तो नियम नम्रपणे नमूद करायला हरकत नाही: ‘२००२ च्या नियमावलीतील तरतुदीनुसार केसपेपर, तपासणी अहवाल व डिस्चार्ज कार्ड यांच्या प्रती मिळाव्यात.’ दाखल झाल्याची आणि घरी सोडल्याची तारीख मात्र लिहाच.

सोसायटीबद्दल फार गैरसमज आहे. सहकारी संस्था केवळ कायद्याखाली नोंदलेली आहे म्हणून ती माहिती अधिकाराच्या कक्षेत येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा सचिवांना माहिती अधिकाराचा अर्ज देऊन उपयोग नाही. सभासद म्हणून लेखी मागणी करून आणि ठरलेले शुल्क भरून प्रती मागाव्यात: ‘अमुक तारखेच्या सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताची प्रत मिळावी.’ सचिव बहुधा शेजारीच राहतात, म्हणून जिन्यात तोंडी आठवण करून देण्याचा मोह होतो. तो टाळावा. तोंडी मागणीची नोंद कुठेच राहत नाही.

प्रत कोर्टात दाखवायची असेल तर नक्कल अर्ज

इथे साधी झेरॉक्स चालत नाही, सही-शिक्क्याची प्रमाणित प्रत लागते. सार्वजनिक दस्तऐवज पाहण्याचा हक्क ज्याला आहे त्याला शुल्क भरल्यावर अशी प्रत मिळते. पूर्वी ही तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यात होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ७५ मध्ये आहे.

या अर्जात विनवणीला जागा नसते, तशी तिची गरजही नसते. कोर्टाच्या निकालासाठी दाव्याचा क्रमांक व वर्ष, पक्षकारांची नावे आणि निकालाची तारीख. दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकाकडे दस्त क्रमांक, वर्ष आणि गावाचे नाव. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे स्थावर मालमत्तेच्या खरेदीखतासारख्या दस्ताची नक्कल कोणीही मागू शकतो. मृत्युपत्राचे तसे नाही: करणारा हयात असेपर्यंत ती नक्कल त्याला किंवा त्याच्या प्रतिनिधीलाच मिळते.

न्यायालयीन कागद माहिती अधिकारात मागण्याचा प्रयत्न अनेक जण करतात. न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांत प्रत देण्याची सोय असेल तर त्याच वाटेने जावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निर्णय आहे. तुम्ही पक्षकार नसाल तर प्रत कशासाठी हवी हे सांगण्याची तयारी ठेवा.

कार्यालयाने काय ठरवले ते पाहायचे असेल तर माहिती अधिकार

ग्रामपंचायतीचे देयक, रस्त्याच्या कामाची फाइल, तुमच्या तक्रारीवर लिहिलेल्या टिप्पण्या. अशा कागदांसाठी २००५ च्या कायद्याइतके चांगले साधन नाही. महाराष्ट्रात अर्ज ‘जोडपत्र अ’ या ठरलेल्या नमुन्यात करायचा, शुल्क १० रुपये, विषय एकच आणि मजकूर साधारण १५० शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस. मुदत उलटली तर माहिती विनामूल्य द्यावी लागते. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो.

साध्या अर्जात कारण उपयोगी पडते. इथे ते लिहूच नये. कायदा कारण विचारत नाही आणि आपण दिले की वादाला तोंड फुटते. दुसरे पथ्य त्याहून महत्त्वाचे: प्रश्न विचारू नका, कागद मागा. उपलब्ध नसलेली माहिती तयार करून देण्याचे किंवा मत सांगण्याचे बंधन कार्यालयावर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले आहे. म्हणून ‘आमच्या गल्लीतला रस्ता लगेच का उखडला?’ याला ‘माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर येऊ शकते. तेच असे मागा: ‘अमुक रस्त्याच्या कामाचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने व अंतिम देयक यांच्या प्रमाणित प्रती. कालावधी: अमुक ते अमुक.’ कशामुळे उखडला ते त्या पानांवरून बरेचसे समजते.

कागदाचे नावच माहीत नसेल तर आधी फाइल पाहण्याची परवानगी मागावी. तो हक्कही याच कायद्यात आहे. फाइल चाळून हवी ती पाने टिपून घ्या आणि तेवढ्याच प्रती मागा.

सरकारी कार्यालयात साधा अर्ज अडला, तर पुन्हा तोच अर्ज अधिक कडक भाषेत लिहू नये. तेव्हा माहिती अधिकारात विचारावे: ‘माझ्या अमुक तारखेच्या, आवक क्रमांक अमुक असलेल्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींच्या प्रती मिळाव्यात.’ यासाठी आवक क्रमांक, म्हणजे अर्ज कार्यालयात नोंदवताना पडणारा क्रमांक, हाती हवा. म्हणून पहिला अर्ज देतानाच त्याची एक प्रत जवळ ठेवा, आणि तिच्यावर तो क्रमांक, तारीख, सही, शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.