रायटरमधलं ओळींचं अंतर: मराठी-कन्नड मजकुरावर आठ महिन्यांच्या वापरानंतर

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात पतसंस्थेचा अहवाल असो की यात्रा कमिटीचं पत्रक, एकाच पानावर मराठी आणि कन्नड दोन्ही येतात. लिब्रेऑफिस रायटरचा (मजकूर लिहायचं फुकट सॉफ्टवेअर) कस तिथेच लागतो. नुसत्या मराठीला सिंगल अंतरही चालून जातं. मधे एक कन्नड शब्द आला की तेवढीच ओळ फुगते.

रायटर देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्या 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' या एकाच खात्यात धरतो आणि त्या खात्याला फॉन्ट एकच. त्या फॉन्टात कन्नड अक्षरं नसली की सिस्टिममधला दुसरा फॉन्ट उचलला जातो. त्याची उंची वेगळी, आणि ओळीची उंची ठरते तिच्यातल्या सगळ्यांत उंच फॉन्टवर. नुडीतला (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) जुना, युनिकोड नसलेला मजकूर तर वेस्टर्न, म्हणजे इंग्रजीच्या खात्यात पडतो. कॉम्प्लेक्स फॉन्ट कितीही बदला, तो ढिम्म हलत नाही.

यावर पुष्कळजण फॉरमॅट → पॅरेग्राफमध्ये जाऊन लाइन स्पेसिंग 'फिक्स्ड' करून टाकतात. ओळी समान अंतरावर येतात खऱ्या, पण १२ पॉइंटच्या अक्षराला १४ पॉइंटच दिले तर रफार, मात्रा छाटल्या जाऊ शकतात. कन्नडचे हाल जास्त: 'राष्ट्र' लिहिताना ट आणि र दोन्ही खाली लोंबतात आणि पुढच्या ओळीला टेकतात. त्यापेक्षा 'ॲट लीस्ट' (किमान एवढं, लागलं तर जास्त) घ्या, २० पॉइंट. खिडकीत सेंटीमीटर दिसत असलं तरी आकड्यापुढे रोमन पी-टी टाइप करा, रायटर ०.७१ सेंमी करून घेतो. तरीही एखादी ओळ फुगलीच तर एकेक पॉइंट वाढवत न्या.

हे सगळं मजकूर निवडून करू नका, स्टाइलमध्ये (परिच्छेदाच्या मांडणीचा नाव दिलेला साचा) करा. एफ११ दाबून 'बॉडी टेक्स्ट' एडिट करा (तिथे मुळात ओळींचं अंतर ११५ टक्के आणि परिच्छेदाखाली ०.२५ सेंमी असतं). कन्नड परिच्छेदांना वेगळी स्टाइल काढून तिचा कॉम्प्लेक्स फॉन्ट नोटो सान्स कन्नड ठेवा. फुगण्याची निम्मी कटकट इथेच मिटते.

परिच्छेदांमधलं अंतर मात्र रायटर चोख सांभाळतो. खाली ६ पॉइंट, वर शून्य, एवढं पुरे. बाहेरून आलेल्या फायलीत दोन-दोनदा एंटर मारलेले असतातच. फाइंड अँड रिप्लेसमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन्सवर (खुणांनी शोधायची सोय) टिक करून ^$, म्हणजे रिकामा परिच्छेद, शोधा, रिप्लेसची चौकट रिकामी ठेवा, सगळे रिकामे परिच्छेद उडतात. संचालकांच्या नावांची यादी एकाच स्टाइलमध्ये असेल तर 'त्याच स्टाइलच्या परिच्छेदांत अंतर नको' हा पर्याय लावा, नाहीतर यादी पानभर पसरते.

समोरच्याच्या वर्डमध्ये आपण वापरलेला फॉन्ट नसला की पानं सरकतात. छपाईला पीडीएफच द्या. फाइल पुढे सुधारायची असेल तर फाइल → प्रॉपर्टीज → फॉन्टमध्ये जाऊन फॉन्ट एम्बेड करून, म्हणजे फाइलीतच भरून पाठवा. आकार वाढतो, पण ओळी बहुतेक जिथल्या तिथे राहतात.